सेकंदाला साठ

गुरुवारी दुपारी चार वाजता ओक इसुल मॉनिटर बघायला आली. दाराशी बूट काढले, जवाचा चहा नको म्हणाली आणि थेट आतल्या खोलीत टेबलासमोर जाऊन बसली. तिच्यामागे प्यो गीथेक उभा राहिला. विकणारा तो. आठवड्यातले सहा दिवस तो देगू शहरात घरोघर पार्सलं पोहोचवायचा. आज त्याची सुट्टी होती.

इसुल तिशीची. दिवसभर घरी बसून चित्रकथा काढायची आणि संध्याकाळी नवऱ्याबरोबर गेम खेळायची.

"एकाच पडद्यात दोन्ही भागलं पाहिजे, काका. दोन घ्यायला पैसे नाहीत आणि ठेवायला टेबलही नाही."

गीथेकला ते पटलं. सव्वा वर्षापूर्वी त्यानेही असाच विचार केला होता. गाडी कडेला लावून, डबा खाता खाता, तीन महिने तो लोकांचे अभिप्राय वाचत होता. शेवटी हा निवडला. स्वस्तातला, तरी सेकंदाला एकशे ऐंशी चित्रं दाखवणारा. मुलाला खेळायला, रविवारी आपल्याला बेसबॉल बघायला.

इसुलने पेनड्राइव्ह लावला. पडदा काळा केला, मग पांढरा, मग लाल. नाक टेकेल इतकी ती पुढे वाकली.

"खालच्या कोपऱ्यातून उजेड झिरपतोय. या किमतीत झिरपणारच. मेलेला, न उजळणारा ठिपका एकही नाही. रंग बरे आहेत, अक्षरं स्वच्छ. स्टँड मात्र भिकार आहे, काका. जोरात टाइप केलं की डुलतो."

"डुलू दे. किंमत कमी होणार नाही."

"मी कुठे मागितली?"

"मागणार होतीस."

ती हसली. "कोण खेळायचं यावर?"

"मुलगा. दोग्योम. पगारी गेम खेळणाऱ्या एका संघाच्या निवडीला बसला होता. पडला. आता सक्तीच्या सैन्यसेवेत आहे."

बाकीचं गीथेकने सांगितलं नाही. दोग्योम आधी कोपऱ्यावरच्या गेमघरात खेळायचा. तासाचे पैसे द्यायचे, तिथलेच नूडल्स खायचे आणि वास मारणाऱ्या कपड्यांत घरी यायचं. बापाला ते बघवेना. मॉनिटर आणला त्या दिवशी त्याने अट घातली. आता गेमघर बंद. काय खेळायचं ते घरात, माझ्या डोळ्यांसमोर.

दोग्योमने मॉनिटर जोडला आणि थोडा वेळ खेळून बघितलं.

"कसा आहे?" बापाने विचारलं होतं.

"जमीन-अस्मानाचा फरक आहे, बाबा."

त्यानंतर तो गेमघराची पायरी चढला नाही. आठ महिने याच खुर्चीवर बसला. निकाल लागला त्या संध्याकाळी गीथेक म्हणाला, "एकशे ऐंशीचा पडदा आणून दिला तुला. आता दोष द्यायला उरलंय काय? तुझे हातच ना?" मुलाने संगणक बंद केला. पुढे छावणीच्या फाटकाशी, केस कापलेलं डोकं खाली घालून, एवढंच म्हणाला, "मॉनिटर विकून टाका." त्याला चार महिने झाले. एकदाही फोन आला नव्हता.

"आता जरा पळवून बघते," इसुल म्हणाली. पडद्यावर एक चेंडू डावीकडून उजवीकडे धावू लागला. तिने भुवया आवळल्या. सेटिंग उघडलं.

"काका, हा साठवर चाललाय."

"वाढव मग."

"वाढतच नाही. यादीत साठच आहे." तिने टेबलाखाली वाकून संगणकाची मागची बाजू बघितली. "हे खोकं कुठून आणलं?"

"मेव्हण्याच्या ऑफिसातलं. त्यांनी नवे घेतले, तेव्हा दिलं."

"बिलं छापायला ठीक आहे हो. पण हे सेकंदाला साठच चित्रं काढतं. काढणाराच साठ काढतोय, तर दाखवणारा एकशे ऐंशी कुठून आणणार? तुमचा पडदा एक दिवससुद्धा पळालेला नाही, काका. कोराच आहे. माझं नशीब!"

गीथेकने खुर्चीची पाठ धरली.

"आणि गेमघरात?"

"तिथे काय, तिथली यंत्रं पळतातच. दोनशे चाळीस सहज देतात. हळू चालली तर त्यांच्याकडे कुणी फिरकेल का?"

"खेळणाऱ्याला कळतं हे?"

"संघाच्या निवडीला बसणाऱ्याला?" इसुल पेनड्राइव्ह काढत म्हणाली. "माऊस हलवल्याबरोबर."

इसुलने पिशवीतून जुनी चादर काढली आणि मॉनिटरवर घातली.

"नेऊ ना?"

"नको."

"नको म्हणजे? दोन बस बदलून आलेय मी. किंमत वाढवायचीय का?"

"विकायचा नाही."

"ठरलं होतं ना आपलं! अशा माणसांना जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर शून्य मार्क देते मी." तिने चादर ओढून घेतली. दाराशी बूट चढवताना तिने एकदा वळून बघितलं. गीथेक मुलाच्या खुर्चीवर बसला होता. ती दार हळूच लावून गेली.

सैनिकांना संध्याकाळी सहा ते नऊ फोन मिळतात. सहाला एक मिनिट असताना गीथेकने संदेश पाठवला. "बाळा, तू सांगितलं का नाहीस?" शेजारी पिवळा एकचा आकडा उमटला. समोरच्याने वाचेपर्यंत तो आकडा तसाच राहतो.

सहा वाजून बारा मिनिटांनी एक पुसला गेला.

आठ चाळीसपर्यंत उत्तर आलं नव्हतं. फोन जमा व्हायला वीस मिनिटं होती.