डाव्या दारावरचा ओरखडा

"आजून दिसस," प्रमिलाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

डाग अजून दिसतोय हे सुलक्षणाला सांगायची गरज नव्हती. गाडीच्या डाव्या दारासमोर पाटावर बसून ती ओल्या पॉलिश पेपरने तो ओरखडा घासत होती. सकाळी ओरखडा करंगळीएवढा होता. आता घासून घासून तळहाताएवढी जागा पांढुरकी झाली होती. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. तिला रडूच आलं.

गाडी तिच्या नवऱ्याची, प्रेमराजची. तो नोकरीला धुळ्याला, घरी यायचा शनिवारी. पिंप्राळ्याच्या घरात आठवडाभर सासू-सून दोघीच. गाडी पत्र्याच्या शेडखाली कापड पांघरून उभी, आणि चावी प्रमिलाबाईंच्या कमरेच्या पिशवीत. गाडीला कोणी हात लावायचा नाही, असा प्रेमराजचा नियम होता. आणि या माणसाचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मागच्या वर्षी सुलक्षणा न विचारता स्कुटीवरून धरणगावला माहेरी जाऊन आली, तर त्याने स्कुटी विकून टाकली. ओरडला नाही, भांडला नाही. विकली, झालं. तेव्हापासून भाजी आणायला निघायचं तरी त्याला आधी फोन करावा लागे.

गाडी तिला लग्नाआधीपासून येत होती. वडिलांनी, लोटन आबांनी, शेताच्या रस्त्यावर शिकवली होती. गेला महिनाभर दुपारी सगळी कॉलनी झोपली की गाडी हळूच बाहेर निघायची. तेवढाच मोकळा वारा. काल मरीमायच्या देवळाजवळच्या वळणावर ती कठड्याला घासली आणि सगळं अंगाशी आलं. प्रेमराजला कळलं तर गाडी धुळ्याला जाणार, आणि मग घराच्या चार भिंती होत्याच.

आज शनिवार. तो उन्हं कलायच्या आत येणार होता.

तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहून सगळं सामान आणलं होतं. घासलेली जागा धुऊन, पुसून तिने आधी प्रायमरचा हात दिला. तो वाळेपर्यंत नखं खाल्ली. मग भोवती वर्तमानपत्र लावलं, पण कडा वर दुमडून, म्हणजे रंगाची रेघ उमटत नाही. चंदेरी रंगाचा स्प्रे लांबून, हलक्या हाताने मारला. जळगावचं ऊन असं, की तापल्या पत्र्यावर रंग पडायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत होतो. म्हणून तिने गाडी शेडच्या सावलीतून हलवलीच नाही.

मधेच शेजारच्या बेबाबाई फाटकाशी आल्या. प्रमिलाबाईंनी त्यांना आत येऊ दिलं नाही. सून गाडी धुते आहे, चिखल झालाय, असं सांगून त्यांना वाटेला लावलं आणि फाटकाला आतून कडी घातली. मग परत ओट्यावर येऊन बसल्या.

"प्रेमराजनी इचारं तं काय सांगशी?"

"काहीच नाही सांगणार," सुलक्षणा म्हणाली.

प्रमिलाबाईंनी कमरेची पिशवी सारखी केली. या बाईच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून कुणाला कळेल तर शपथ.

शेवटी चकाकीचा थर देऊन, कडा घासून, पॉलिश करून सुलक्षणा मागे सरकली. डाग नव्हता. तिने या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. कुठेच काही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

प्रेमराज आला, चहा प्यायला, आणि डिझेल भरून येतो म्हणून त्याने गाडी अंगणात उन्हात काढली. फाटक उघडायला उतरला आणि गाडीच्या डाव्या दाराशी येताच थांबला. सावलीत अंगाला अंग लावून बसलेला रंग तिरप्या उन्हात वेगळाच दिसत होता. तळहाताएवढं काळपट ठिगळ.

त्याने सुलक्षणाला हाक मारली. आवाज चढवला नाही, आणि त्याचीच तिला धडकी भरली.

"गाडी कोणी काढली?"

खरं सांगायची सोय नव्हती आणि खोटं तोंडातून निघेना.

"घरात गाडी येते ती तुला एकटीला," तो म्हणाला. "म्हणजे माझ्या आईच्या पिशवीतून चावी चोरलीस तू."

सुलक्षणाने मान खाली घातली. "चूक झाली माझी."

गाडी उद्या धुळ्याला जाईल, तो म्हणाला. आणि चोरी करणारी बाई या घरात नको. तिने सकाळी बॅग भरावी, जाताना तो तिला धरणगावला सोडेल.

प्रमिलाबाई ओट्यावरून उठल्या, गाडीपाशी आल्या. "माय, तू मधे पडू नको," प्रेमराज म्हणाला. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"चोर नको म्हनू तिले. ती तं बाजूले बशीसन मले शिकाडस," प्रमिलाबाई म्हणाल्या. "गाडी मी चालाडत व्हतू. मरीमायनं मंदिर समोर उनं, तं मी स्टेअरिंग सोडीसन दोन्ही हात जोडात."