दोन देवळांतल्या पाकळ्या

मुलांनो, समजा, गोवा राज्य झालं त्या वर्षी तुम्ही पार्से गावातल्या देवळात बसला आहात. भटजींनी मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आहेत. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुमच्याएवढ्या सुविधाच्या योगिता आतेला सुर्ल्याचं स्थळ आलंय. मुलाकडची माणसंही याच घटकेला त्यांच्या देवळात असाच पाकळ्यांचा प्रसाद, म्हणजे कौल, लावून बसली आहेत. दोन्हीकडे उजवी पडली तरच लग्न, नाहीतर स्थळ गेलं.

पाकळी काही हलेना.

"आजोबा," सुविधा कुजबुजली, "आमचो देव सुर्ल्याच्या देवाक कळयता, काय दोघांनी आधीच ठरयलां?"

कृष्णनाथ आजोबांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. ते मिशीत हसले. "शास्त्रज्ञ प्रकाशाच्या कणांबद्दल ह्याच इचारतत. समज, जुळे कण. एक हंय, एक सुर्ल्याक. दोघांक एकच प्रश्न इचारलो तर उत्तरां जुळतत."

"मगे आधीच ठरलेलां आसतला!"

"मोठमोठ्यांकय तसांच वाटलां. म्हणून दोघांक वेगवेगळे प्रश्न घालून बघितले. आधी ठरवून उत्तरां जितकी जुळतीत, त्याच्यापेक्षा जास्त जुळली."

"म्हणजे एक दुसऱ्याक सांगता?"

"निरोप पोचाक वेळच नाय. काही जण म्हणतत, लांब आसले तरी ते दोघे एकच. काही म्हणतत, इचारीपर्यंत उत्तर नसतांच."

"खरां काय ता?"

"अजून भांडतत," आजोबा खुशीत म्हणाले.

पुढे बसलेले तिचे बाबा, सगुण, मागे वळले. "गो, गप रव! प्रश्न देवाक इचारलो हा, तुका न्हय."

सुविधानं सगळ्यांकडे पाहिलं. बाबा, काका, भटजी, सगळे पाकळीवर डोळे लावून होते. योगिता आते मात्र मागच्या खांबाला टेकून केसांतली अबोली नीट करत होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

सुविधा हळूच उठली. आतेजवळ गेली. तिच्या कानाला तोंड लावून म्हणाली,

"आते, तुका कोणी इचारलां?"

आतेचा हात अबोलीवरच थांबला. मग ती हसली आणि तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मगे मी इचारतंय," म्हणत सुविधा देवाकडे पाठ करून तिच्यासमोर मांडी घालून बसली.