चौथा उद्गार

दुपारचा खेळ सुटला तसे शलमोनदादा सगळ्यांच्या आधी बाहेर पडले आणि थिएटरच्या कँटीनमध्ये भिंतीकडची खुर्ची धरून बसले. मागून विजयमालाबाई आल्या. दोघंही सांगलीतल्या एका ख्रिस्ती मंडळीचे पंच. दादा निवृत्त शिक्षक, दर रविवारी चर्चमध्ये मुलांची शाळा घेणारे. बाई निवृत्त परिचारिका, मूळच्या तासगावच्या.

"उपवासकाळ म्हणून मटण सोडलं," दादा म्हणाले, "आणि पाळकसाहेबांनी हे बघायला लावलं."

रूबेन त्यांच्याच मंडळीतला, दादांच्या रविवारच्या शाळेत वाढलेला. पुण्यात डबिंगची कामं करायचा. या सिनेमाच्या मराठी आवृत्तीत नायकाच्या अंगात शिरलेल्या सैतानाला त्याचा आवाज होता. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर चर्चमध्ये सात जण बोलतात. यंदा चौथा उद्गार, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', रूबेनला मिळाला होता, आयुष्यात पहिल्यांदा. सैतानाचं तोंड झालेल्या पोराला त्या जागी उभं करू नये, असं काही जणांचं म्हणणं पडलं. या दोघांनी सिनेमा बघून संध्याकाळपर्यंत पाळकसाहेबांना निकाल कळवायचा होता.

"माझं ठरलं," दादा म्हणाले. "मेलेला पोलीस सैतानाशी करार करून उठतो, त्याच्या बळावर पोरं वाचवतो आणि लोक शिट्ट्या मारतात. अंधाराच्या जोरावर कुणाची सुटका होते काय? पश्चात्ताप कुठं आहे त्यात?"

"शेवटाला हाय की. त्यानं ती शक्ती टाकून दिली. त्या पोरीपायी मरायला तयार झाला. तुमी बघितलंच न्हाई."

"बघितलं."

"आवं, तो काळा सैतान आला की तुमी डोळं मिटत हुता. शेजारीच बसली हुती न्हवं मी? निम्मा सिनेमा तसाच काढला तुमी."

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ऐकत तर होतो."

"मग आवाज कसा वाटला?"

टेबलावर सांडलेलं पाणी दादांनी बोटानं कडेपर्यंत ओढत नेलं.

"तेच तर," ते म्हणाले. "तो ओरडत नाही. दरडावत नाही. लय मायेनं बोलतो. भिऊ नकोस बाळा, इकडं ये, म्हणतो. आणि तो माणूस जातो." ते खुर्चीत हलले. "रूबेनचा आवाज असा नाही. कुणाचा तरी उचललाय त्यानं. मी तो आवाज ऐकलाय. मध्यंतरापासनं डोक्यात घोळतोय, पण माणूस सापडत नाही."

विजयमालाबाईंनी पदर नीट केला. "सापडंल," एवढंच म्हणाल्या.

काचेच्या दाराबाहेर रूबेन मघापासून येरझाऱ्या घालत होता. बाईंनी हात केला तसा आत आला. हेल्मेट हातातच होतं. बसला नाही.

"मावशी, कळवलं काय पाळकसाहेबांना?"

"अजून न्हाई."

दादांनी त्याला खालपासून वर न्याहाळलं. "आवाज कुणाचा काढलास रं?"

रूबेननं बाईंकडे बघितलं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

"त्ये दिग्दर्शक म्हणाले, सैतान भयानक नको," तो अडखळत म्हणाला. "कुणीबी ऐकलं तर उठून त्याच्या मागं गेलं पायजे, असा आवाज आण. मला लई दिवस जमंना. मग मी आमच्या लहानपणीचा... मंजे, मी ज्याच्या मागं कुठंबी गेलो असतो, असा एकच आवाज..."

तो हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

"पोरा, कुणाचा?"

"दादा, उद्गार काढून घेणार काय माझा? आईनं समद्या कुंडल गावाला सांगून ठेवलंय. त्या दिवशी गाडी करून येणार हायत समदी."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. दादा पटकन पुढे वाकले. दर रविवारी रडक्या पोरांपुढे करायचे तसाच हात त्यांनी पुढे केला.

"भिऊ नकोस बाळा," ते म्हणाले. "इकडं ये. बस."

पाठच्या टेबलावर कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या, याच खेळाला आलेल्या. त्यांतली एक झटक्यात मागे वळली. हातातला सरबताचा ग्लास हिंदकळला.

"आई गं! तोच आवाज!"

दुसरीनं वळून बघितलं. समोर पांढऱ्या केसांचा, खादीचा सदरा घातलेला म्हातारा होता. तिला हसू आवरेना.

"सॉरी हं, काका. आम्हाला वाटलं, सिनेमातला तो..."

दादांचा हात टेबलावर तसाच पडून राहिला. रूबेन मान खाली घालून बसला. विजयमालाबाई उठल्या, काउंटरवरून तीन चहा घेऊन आल्या आणि कप एकेकाच्या पुढे सरकवले.

"प्रार्थना करा, दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चहा निवंल."

दादांनी सवयीनं डोळे मिटले. हात जोडले. ओठ उघडले, पण शब्द बाहेर पडला नाही. पाठच्या टेबलावर मुली गप्प झाल्या होत्या.

"तू कर," ते शेवटी कुजबुजले.

"मी?"

"तुझ्या आवाजात कर. शुक्रवारीबी तसंच."

रूबेननं घसा साफ केला. आवाज पातळ निघाला, जरा घोगरा, मध्येच फाटणारा. मुलींनी एकदा कानोसा घेतला आणि परत आपल्या गप्पांना लागल्या. विजयमालाबाईंनी डोळे मिटले होते, रूबेननंही.

शलमोनदादांनी मात्र डोळे उघडले, आणि प्रार्थना संपेपर्यंत ते त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिले.