बेगमनं खाणं सोडलं

"आज सुबह मिली. सडक के किनारे," भालचंद्र म्हणाला.

डॉक्टरांनी नुसतं विचारलं होतं, ही तुमच्याकडे कधीपासून आहे. शेजारी उभ्या असलेल्या पद्मजानं मान वर करून वडिलांकडे पाहिलं. ती नऊ वर्षांची होती. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरपासून मुनिरकातल्या या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत पुठ्ठ्याचं खोकं तिनंच स्कूटरवर मांडीत धरून आणलं होतं. खोक्यात बेगम होती.

गावाकडे जिला घोयरा म्हणतात, त्या जातीची बेगम. झुलत झुलत चालणारी, डोळे गरागरा फिरवणारी, रंग बदलणारी सरड्याची मादी. दिल्लीत वाढलेली पद्मजा तिला गिरगिट म्हणायची. गणपतीत ते कुमुदच्या, म्हणजे भालचंद्रच्या बायकोच्या माहेरी जळगावकडे गेले होते. तिथं कुंपण तोडणारी माणसं बेगमला विषारी समजून ठेचायला निघाली. पद्मजा मध्ये पडली. भालचंद्रनं जनावर उचललं. मळ्यापलीकडच्या बाभळीवर सोडून येतो म्हणाला. पण पोरगी रडायला लागली, आणि परतीच्या गाडीत फराळाच्या पिशवीशेजारच्या टोपलीत बेगमही होती.

हा गुन्हा आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. जंगली जनावरं घरात पाळू नयेत, हे लोकांना सांगणं हीच त्याची नोकरी होती. केंद्र सरकारच्या वन्यजीव विभागात तो अधिकारी होता, शाळाशाळांतून जाऊन मुलांना हेच समजावून सांगायचा. म्हणून बेगम मागच्या बाल्कनीत राहिली, जुन्या कूलरच्या सांगाड्याला जाळी मारून केलेल्या पिंजऱ्यात. पाहुणे आले की पिंजऱ्यावर चादर पडायची.

दसरा झाला आणि तिनं खाणं सोडलं. पद्मजा लॉनवर नाकतोडे पकडायची. बेगम त्यांच्याकडे एक डोळा फिरवायची आणि तोंड वळवायची. पोट मात्र फुगत चाललं होतं. दिवसभर ती पिंजऱ्याचा कोपरा पुढच्या पायांनी खरवडत बसायची. पूर्वी आत मनीप्लांटची कुंडी असायची. तिच्यातली माती उकरून बेगम सगळी बाल्कनी घाण करते, म्हणून भालचंद्रनं ती केव्हाच बाहेर काढली होती. आज सकाळी बेगम पिंजऱ्यातल्या फांदीवरून खाली पडली. काळपट झाली होती, उठत नव्हती. कुमुद म्हणाली, आता तरी डॉक्टरकडे न्या. तिथं काय सांगायचं ते भालचंद्रनं वाटेत ठरवलं. पद्मजाला मात्र त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर सबरवाल वयस्कर बाई होत्या. त्यांनी बोटांनी बेगमचं पोट हलकेच चाचपलं आणि सांगितलं की आत अंडी आहेत, पुष्कळ. अंडी घालायच्या आधी मादी खात नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिला फक्त ओलसर, भुसभुशीत माती लागते, खड्डा करायला. ती नाही मिळाली तर ती अंडी पोटात धरून ठेवते, आणि त्यातच मरते. आज सकाळपर्यंत ही मोकळी होती तर ती नुसती दमली असणार. जिथून उचललीत तिथंच आत्ता नेऊन सोडा. पण कोंडून ठेवलेली असेल तर गोष्ट वेगळी. मग इंजेक्शनं द्यावी लागतील, कदाचित ऑपरेशन.

भालचंद्रचे कान तापले. त्याला ती कुंडी आठवली. आणि लगेच ऑफिस आठवलं.

"जी, छोड आते हैं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी बेगमच्या घासून सोललेल्या नखांकडे पाहिलं. मग त्या पद्मजाकडे वळल्या.

"बेटा, तुम बताओ. घर में रखी थी?"

"नहीं आंटी," पद्मजा म्हणाली. "मैं स्कूल जा रही थी, तब दिखी. हम तो पालते ही नहीं. मेरे पापा खुद स्कूल में आके समझाते हैं, जानवर घर में नहीं रखने चाहिए."

ती अडखळली नाही. तिचा एक हात बेगमच्या पाठीवर होता. भालचंद्रनं तिला आजवर असं बोलताना ऐकलं नव्हतं. ती त्याच्यापेक्षा सफाईनं बोलली होती. त्याला पोरीकडे बघवेना.

"ये झूठ बोल रही है, डॉक्टरसाहब," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. गणपतीपासून ही आमच्याकडे आहे, मी कुठं नोकरी करतो, कुंडी मीच काढली. डॉक्टर एक शब्दही रागानं बोलल्या नाहीत. त्यांनी इंजेक्शन दिलं, ओल्या वाळूची बादली आणवली, बेगमला तिच्यात ठेवून वर फडकं टाकलं, आणि कुणी डोकावायचं नाही म्हणून बजावलं. वनखात्याला कळवावं लागेल, म्हणाल्या. भालचंद्र म्हणाला, जरूर कळवा, ऑफिसात मी स्वतःच सांगणार आहे.

दुपारभर बापलेक बाकावर बसून राहिले. ऊन उतरलं तेव्हा डॉक्टर बाहेर आल्या. बेगमनं खड्डा केला होता, अंडी घातली होती. ती जगेल, आणि थंडी पडायच्या आत तिला तिच्या मुलखात परत पाठवता येईल, असं त्या म्हणाल्या.

गल्लीत येऊन भालचंद्रनं स्कूटर स्टँडवरून काढली. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, छातीवरचं ओझं उतरलं होतं. वेळेवर खरं बोललो, पोरीसमोर बोललो, असं त्याच्या मनात आलं. पद्मजा मागे बसली नाही. रिकामं खोकं छातीशी धरून ती तिथंच उभी होती. बेगमची आठवण येत असेल, असं वाटून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती मागे सरकली.

"बाबा, खोटं आपण दोघंही बोललो," ती म्हणाली. "तुम्ही डॉक्टर आंटींना 'ही खोटं बोलते' असं माझंच का सांगितलंत?"