समोरची खुर्ची

शशिकलाबाईंनी पडद्यावरच्या जहाजात डाव्या भिंतीशी खुर्ची ठेवली आणि समोर उजव्या भिंतीशी दुसरी खुर्ची आपोआप उगवली.

"काकू, आरसा चालू राहिलाय, एकीकडे ठेवाल ते दुसरीकडेही उमटतं," शिकवणारे इनामदार सर म्हणाले. "बंद करा तो. तुमचं जहाज एकटीचंच आहे ना?"

"एकटीचंच."

अकोल्याच्या केंद्रात आता मागे उरलेसुरलेच लोक हा जहाज बांधायचा खेळ शिकायला येत. ज्याचं जहाज खेळात तोल सांभाळी, त्याला ते जसंच्या तसं खरं बांधून मिळे आणि पृथ्वी सोडता येई.

बाईंनी आरसा बंद केला. दुसरी खुर्ची नाहीशी झाली आणि तोलाचा काटा डावीकडे कलला.

"समोर पाण्याची टाकी ठेवा. सगळे तेच करतात."

बाईंनी टाकी उचलली, परत ठेवून दिली आणि समोर खुर्चीच मांडली. पडद्यानं बसणाऱ्याचं वजन विचारलं. यजमानांचं दवाखान्यातलं शेवटचं वजन त्यांना पाठ होतं. ते न टाकता त्यांनी धडधाकट असतानाचं टाकलं.

सरांनी तो आकडा वाचला.

"खरं जहाज बांधताना रिकाम्या खुर्चीखाली तेवढ्या वजनाचं पाणी भरून देतील," ते मग म्हणाले. "पण आता काटा उजवीकडे गेलाय. ते तुमच्यापेक्षा जड आहेत."

"होतेच. मग काय करू?"

"जड माणसाला थोडं आत सरकवायचं."

बाई बोटानं ती खुर्ची आपल्या खुर्चीकडे ओढू लागल्या. थोडीशी सरकली तसा काटा मध्यावर येऊन थांबला.

"बास, काकू. झालं."

बाई अजून ओढतच होत्या.