क्रिसांताची झील

या, जरा जवळ सरका. अजून जवळ. मोठ्या आवाजात सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. पण ऐकाल तर मनातून जायची नाही.

चोको नावाच्या दूरदेशीच्या रानमुलखात, नदीकाठी, भर दुपारी, आउस्बेर्तोला पाठीवर फुल्या असलेला जहरी साप चावला. वल्ह्याची होडी गावाला लागेपर्यंत पाय केळीच्या खांबासारखा सुजला होता. दवाखाना पार खाली, शहरात. आणि गावातली एकुलती इंजिनाची होडी सकाळीच फादरना घेऊन गेलेली. म्हणून त्याला एलिओदोरोकाकांच्या घरात नेऊन निजवलं. विष उतरवायचं तर त्यांनीच.

काकांच्या फळीवर सापाच्या उताऱ्याची एक बाटली असे. उसाची घरगुती दारू, आणि तीत रानभोपळ्याच्या वेलीच्या चपट्या बिया वर्षानुवर्षं मुरत पडलेल्या. गावात दारूचोर कमी नव्हते, पण त्या बाटलीला कुणी शिवत नसे. इतकी ती कडूजहर.

“काका, बिया तुम्हांला ठेवा, मला नुसती दारू द्या,” आउस्बेर्तो म्हणाला. “मरायचंच तर तोंड कडू करून कशाला?”

“गप रे. लग्नात ढोसलीस ती काय कमी होती?”

काकांनी बूच काढलं, आणि ओतण्याआधी दर वेळी विचारत तेच विचारलं, “इथं कुणी पोटुशी आहे का?”

साप चावलेल्यावर पोटुशीची नजर पडली, तिचा आवाज जरी त्याच्या कानी गेला, तरी विष चढतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

आउस्बेर्तोचं डोकं त्याच्या बायकोच्या, क्रिसांताच्या, मांडीवर होतं. तिला परवाच कळलं होतं. संत आंतोनियोच्या सणाला सांगायचं, आणि आधी त्यालाच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

“मी आहे,” ती म्हणाली.

दोमितिला, तिची सासू, पायाशी बसली होती. नदीच्या त्या काठावर कुणी गेलं की अलाबाओ, मयताचं गाणं, तीच गाई, आणि मागून झील क्रिसांता धरी. दोघींवाचून कुणाला माती मिळाली नव्हती. दोमितिलाच्या चेहऱ्यावर हसू उमटलं आणि उमटता उमटताच विझलं.

“पोरी, होडीतही त्याचं डोकं तुझ्याच मांडीवर होतं का ग?” काकांनी हळूच विचारलं.

क्रिसांतानं मान डोलावली. काकांनी दाराकडे पाहिलं.

आउस्बेर्तोनं तिचा घागरा धरून ठेवला. “कधी सांगणार होतीस, बारशाला?” तो हसत होता. आता उत्तर देणंही पाप. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि ती खाली उतरली.

घर खांबांवर होतं. फळ्यांखाली, कोंबड्यांत, ती उघड्या डोक्यानं बसली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वर बघायचं नाही. वर काकांचं पुटपुटणं चाललं होतं. मग ओकारीचा आवाज आला, आणि फळ्यांच्या फटीतून थेंब तिच्या मनगटावर पडले. दारूचा वास, बियांचा उग्र वास. घोट पोटात ठरत नव्हता.

“क्रिसांता! मुलगा की मुलगी ग?”

तिनं तळहात दातांत धरला.

“क्रिसांता!”

मग नुसतं ‘क्रि’. मग तेही नाही. कोंबड्या माती उकरत राहिल्या. तिनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, तेही मनातल्या मनात. ओठ हलले तर ऐकू जाईल म्हणून.

वरून दोमितिलाचा आवाज आला. अलाबाओ. गेलेल्यासाठीच गातात तो. एक ओळ गाऊन ती थांबली, नेहमीसारखी, झिलेसाठी. झील आली नाही. म्हातारीनं तीच ओळ पुन्हा धरली, पोटच्या पोरासाठी, आणि पुन्हा थांबली.

क्रिसांताच्या आवाजाला आता कुणाची मनाई नव्हती. तिनं तोंडावरचे हात काढून पोटावर ठेवले आणि झील धरली.

तुमच्या आळीत कधी कुणी एकटंच गात असेल, तर फळ्यांखालच्या त्या क्रिसांताची आठवण ठेवा.