गालातलं बाळ

"घे, तू काप. माझ्या बोटांची हळकुंडं झालीत," असं म्हणून क्रेसेन्सियानं सुरी धाकट्या बहिणीच्या, एउस्तोलियाच्या हातात दिली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तीन राजांच्या सणाचा पाव आजवर तिच्याशिवाय कुणी कापला नव्हता.

'ला एस्त्रेयिता' खानावळीतलं खिडकीकडचं लांब टेबल त्यांचंच. चर्च सुटलं की सगळा गोतावळा तिथं येऊन बसे. एन्चिलादा चाटूनपुसून झाल्या होत्या. आता मध्ये तो मोठ्या कड्यासारखा गोल पाव, वर साखरेत घोळलेली फळं. आणि क्रेसेन्सियाच्या शेजारच्या खुर्चीवर, शालीत गुंडाळलेला, घरचा बाळयेशू. मातीचा, नाकाचा टवका उडालेला. तिच्या आईनं तो सान लुईस पोतोसीहून पोटाशी धरून सरहद्दीच्या नदीपार आणला होता. आज तो तिच्याबरोबर परत जाणार नव्हता. पावात लपवलेलं प्लास्टिकचं बाळ ज्याच्या घासात येईल, त्यानं या मातीच्या बाळाला घरी न्यायचं, नवं अंगडं शिवायचं आणि फेब्रुवारीत कांदेलारियाच्या दिवशी सगळ्यांना मक्याच्या पानांत उकडलेले तमालेस आपल्या हातानं करून घालायचे. इतकी वर्षं बाळ कुणालाही निघो, चरबी फेसून मक्याचं पीठ मळायला क्रेसेन्सियाच लागे. गेल्या वर्षी मळताना मनगटातून कळ निघाली ती उन्हाळ्यापर्यंत गेली नाही. सूनबाई आल्या होत्या मदतीला. नखं रंगवून. ती वाळेपर्यंत तमालेस शिजूनही झाले.

"यंदा ज्याला निघेल त्यानंच मळायचं," तिनं सकाळीच सांगून टाकलं होतं. "मी हात लावणार नाही."

म्हणून आता सगळे काटेरी मासा खावा तसा पाव खात होते. आधी जिभेनं चाचपायचं, मग दात लावायचा. मघाशी आल्या आल्या याच तोंडांनी बाळाच्या पायांचे मुके घेतले होते.

थोरल्या मुलाची, रोखेलिओची बायको यादिरा समोरच बसली होती. नाताळात हिनंच चारचौघांत म्हटलं होतं, "आई, तुमच्यामागे बाळ माझ्याकडेच यायला हवं हं. मी थोरली." दिवाणखान्यात काचेचं कपाट करून घेतलं होतं बाईनं, आत दिवा लावून.

यादिराचा जबडा मध्येच थांबला. नजर ताटलीत गेली. मग जीभ हलली आणि डाव्या गालाला छोटासा उंचवटा आला.

क्रेसेन्सियानं पाहिलं.

"काय गं, थांबलीस का?"

यादिरानं नुसती मान हलवली.

"बोल की. जीभ चावलीस?"

"तिची दाढ दुखतेय, आई," रोखेलिओ म्हणाला.

"होय का? मघाशी चर्चमध्ये छत उडेल एवढ्यानं गात होती, तेव्हा दाढ घरी ठेवली होती वाटतं."

एउस्तोलिया फसकन हसली. बाकीच्यांनी पाण्याचे ग्लास उचलले.

मालक अबुंदिओ कॉफी घेऊन आला. "काय, सापडलं का कुणाला? घाबरू नका रे. तमालेस मी देतो करून, हवे तेवढे."

टेबलावरच्या सगळ्या चेहऱ्यांवर एकदम उजेड पडला.

"बघ आई," रोखेलिओ म्हणाला, "इथले तर तुलाही आवडतात."

"आवडतात. अबुंदिओभाऊ, तुमचे तमालेस मी रोज खाईन. पण ते तुमच्या गिऱ्हाइकांसाठी." तिनं शालीकडे हनुवटी केली. "हा काय गिऱ्हाईक आहे?"

अबुंदिओ कॉफी ओतू लागला.

पाव संपत आला. कुणालाच काही निघालं नाही.

"बेकरीवाला विसरला असेल," रोखेलिओ म्हणाला.

"विसरतोय कशाला! एवढ्या मोठ्या पावात तो दोन-दोन घालतो," एउस्तोलिया म्हणाली. "अगं, पण तू कुठं खाल्लास अजून?"

सगळे क्रेसेन्सियाच्या ताटलीकडे बघू लागले. मोठ्या आशेनं. हिची बोटं वळत नाहीत हे माहीत असलेली ही सगळी तिचीच माणसं, तिच्याच हातचं खाऊन एवढी झालेली.

तिनं तुकडा उचलला, कॉफीत बुडवला, तोंडात टाकला. दोनदा चावला. तिसऱ्यांदा दाताखाली टणक लागलं.

कुणाला कळलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं चावणं थांबतच असतं मधूनमधून. गालात जागाही भरपूर होती, त्या बाजूच्या दाढा कधीच गेल्या होत्या. पुढ्यात तिचे दोन्ही हात आल्याच्या कुड्यांसारखे पडले होते. तिनं ते पाहिले. मग मान वर केली.

यादिरा तिच्याकडेच बघत होती. तिला कळलं होतं. आणि गालात गोळा धरून ती चक्क हसली, चोरानं चोराला ओळख द्यावी तशी.

क्रेसेन्सियानं दोन्ही तळव्यांत ताटली धरली, तोंडापाशी नेली आणि थुंकली. टण्ण आवाज झाला. लाळेत माखलेलं एवढंसं बाळ ताटलीत उताणं पडलं.

तिनं ताटली सुनेपुढे सरकवली.

"नीट बघून घे," ती म्हणाली. "असं काढतात."